राउनकडे

सात आठवडे तू नुसती 'मुलगी' होतीस.
दवाखान्याच्या कागदावर मुलगी,
मनगटाच्या पट्टीवर मुलगी,
दुकानात बिल्ग्या विचारायची, 'मुलगी झोपू देते का गं रात्री?'
आडनाव आमच्याकडे नसतं.
हाफ्लिदीची लेक, एवढं मागून लागेल;
बाकी जे नाव देऊ, त्यातच तुला राहायचं
उभा जन्म,
एका खोलीच्या घरात राहावं तसं.

फ्रिजवर देवींची यादी होती, कॉडमाशाच्या चुंबकाखाली.
फ्रेया. बालवाडीत आधीच तीन आहेत,
त्यातली एक चावते.
इदुन, सफरचंदं राखणारी.
पण इथवर सफरचंदं येतात ती बोटीनं, डागाळून,
आणि कायम तरुण राहायचं ओझं
आत्तापासून तुझ्या डोक्यावर कशाला?
सिगिन हाफ्लिदीला आवडलं होतं.
नवऱ्याच्या तोंडावर सापाचं विष ठिबकू नये
म्हणून वाडगा धरून उभी राहिलेली ती.
मी म्हटलं, वाडगा भरला की तो रिता करायला
ती वळते बघ,
तेवढाच वेळ तिच्या हातात तिचा स्वतःचा.
तो काही बोलला नाही. पेन घेऊन त्यानंच खोडलं.

समुद्राच्या घरी नऊ लेकी, नऊ लाटा.
तिघी आमच्याच गावात आहेत:
बिल्ग्या गल्ल्यावर बसते,
द्रोप्न टपाल वाटते,
आणि ह्रोन, माझी मावशी, चाळीस वर्षं मासे कापून
बोटं वाकडी झालेली.
लाटांची नावं ठेवताना कुणी कचरत नाही.
लाटांच्या आईचं नाव मात्र
या फ्योर्डात कुणी घेत नाही.

राउन.
जाळं मांडीवर घेऊन तळाशी बसलेली.
नावाचा अर्थच लूट.
जुने खलाशी म्हणे सोन्याचा तुकडा जवळ ठेवत,
तिच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून.
माझा बाप स्नाइब्योर्न गेला
तेव्हा वारासुद्धा नव्हता.
त्याच्या बोटात लग्नाची अंगठी होती.
किनाऱ्याला लागला एक लोकरी हातमोजा,
दुसऱ्या हाताचा.
आईनं तो धुतला, वाळवला,
आणि एकट्या मोज्याचं काय करतात
ते तिला कधीच सुचलं नाही.

समुद्र आमच्या पाचवीला पुजलेला.
त्याला भ्यायचं, त्याचंच खायचं,
आणि त्याच्या बायकोचं नाव घ्यायचं नाही!
रात्री तुला पाजताना मी ते नाव
शाळेत शिकवतात तसं चालवून पाहिलं:
ही राउन.
राउनबद्दल.
राउनकडून.
चौथ्या रूपाशी जीभ अडली.
'राउनकडे गेला' असं म्हातारी माणसं म्हणत,
बुडाला म्हणायचं नसेल तेव्हा.

बाप्तिस्म्यापर्यंत नाव सांगायचं नसतं.
योफ्रिदुर, माझी आई, तुला घेऊन उभी होती.
सेरा हिल्दिगुन्नुरनं विचारलं, बाळाचं नाव?
मी आईच्या कानाशी वाकले आणि सांगितलं.
चर्चमध्ये कुणीतरी खोकलं.
पाण्याच्या भांड्यात छताचा दिवा हलत होता.
आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तुझ्याकडे पाहिलं,
बराच वेळ,
उधारी फेडायला आलेल्या माणसाकडे पाहतात तसं.
मग ते नाव तिनं इतक्या मोठ्यानं घेतलं
की तू दचकून रडलीस,
आणि मागच्या बाकावर ह्रोन उठून उभी राहिली.

कॉफीच्या वेळी ती माझ्याशी बोलली नाही.
केकही तिनं तसाच ठेवला.
दहा दिवस फोन नाही.

अकराव्या दिवशी बर्फातून चालत निघाली
तेव्हा धक्क्याजवळ द्रोप्ननं गाडी थांबवली,
काच खाली करून विचारलं, 'कुठं गं, एवढ्या थंडीत?'
'राउनकडे,' आई म्हणाली.

मग दोघी गप्प.
इंजिन चालूच होतं.
द्रोप्ननं दार उघडून तिला आत घेतलं.
आईच्या पिशवीत तुझ्या मापाचे लोकरी हातमोजे होते.
दोन्ही.